शब्द संपतात तेथे हात कामाला लागतात

विशेष प्रतिनिधी

करोनाच्या साथीने महाराष्ट्रातील एक लाख ४८ हजारांहून अधिक माणसे नेली, असे सरकारी नोंदी सांगतात. देशाचा अधिकृत आकडा पाच लाख ३३ हजारांच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा वर्तवला आणि केंद्र सरकारने तो पद्धतीसह अमान्य केला. आकड्यांवरील हा वाद संख्याशास्त्रज्ञांचा आहे आणि तो चालू राहील. तथापि यांतील सर्वांत लहान आकडा धरला तरी त्यातील प्रत्येक एककामागे एक घर आहे, आणि त्या घरात एक रिकामी खुर्ची आहे. या घरांच्या शोकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत जवळपास कोणी विचारलेला नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याची योजना २०२१ मध्ये आली. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. ही मदत आवश्यक होती. परंतु या साऱ्या व्यवहारात शोकाची एकच भाषा मान्य होती, ती म्हणजे अर्जाची. मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल, वारसांचे संमतिपत्र, बँकेच्या पासबुकाची प्रत. ज्याला कागद सापडला त्याचे दुःख नोंदले गेले. ज्याला सापडला नाही त्याचे दुःखही बेहिशेबी राहिले.

याच काळात लंडनमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. २९ मार्च २०२१ रोजी थेम्स नदीच्या काठी, ब्रिटिश संसदेच्या समोरील तीरावर, सेंट थॉमस रुग्णालयाला लागून असलेल्या लांबलचक भिंतीवर साथीत आप्त गमावलेल्या लोकांनी लाल रंगाची हृदये काढण्यास प्रारंभ केला. एका मृत्यूसाठी एक हृदय. प्रारंभी सुमारे दीड लाख हृदये काढली गेली. पुढे ती संख्या दोन लाख ४० हजारांवर गेली आणि भिंतीचा सुमारे अर्धा किलोमीटर भाग लाल झाला. कोणत्याही शासकीय समितीने हे स्मारक मंजूर केले नव्हते, कोणत्याही शिल्पकाराला त्याचे कंत्राट मिळाले नव्हते. हातात रंगाची लेखणी घेऊन लोक उभे राहिले आणि भिंत भरत गेली. या घटनेकडे केवळ एक भावुक प्रसंग म्हणून न पाहता, शोकाच्या सार्वजनिक व्यवहारातील एक महत्त्वाचे वळण म्हणून पाहायला हवे.

विधी म्हणजेही हातांचे काम

शोक शब्दांत मांडला की तो हलका होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. 'मन मोकळे कर', 'बोलून टाक', 'रडून घे' हे सल्ले आपण सहज देतो. परंतु आपल्याच परंपरेकडे बारकाईने पाहिले तर ती शोकाकुल माणसाला फारसे बोलायला लावत नाही, काम करायला लावते, असे दिसते. तिरडी बांधायची, मडके धरायचे, तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायच्या, दहाव्याला भाताचे पिंड करायचे, दर्भ ठेवायचा, कावळ्याची वाट पाहायची. या क्रियांचा धार्मिक अर्थ मानणारा मानतो, न मानणारा मानत नाही. पण मनाचे भान सुटलेल्या त्या दिवसांत हातांना ठरावीक काम आणि काळाला ठरावीक टप्पे देण्याचे कार्य हे विधी करत होते, हे दोघांनाही नाकारता येणार नाही.

महाराष्ट्राच्या भूमीवर याच्या खुणा जागोजागी आहेत. गावाच्या वेशीवर वा मंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे दगडात कोरलेले शोकच आहेत. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा. कित्येक वीरगळांवर एक अक्षरही नसते. तरी गावाला जे सांगायचे ते त्यात सांगून झालेले असते. मेळघाटातील कोरकू समाजात मृताच्या स्मरणार्थ चंद्र-सूर्य कोरलेली लाकडी फळी रोवण्याची प्रथा आहे. आणि घरोघरी अगदी अलीकडेपर्यंत आजीची मऊ झालेली लुगडी एकावर एक रचून तिची गोधडी शिवली जात असे. त्या गोधडीला कोणी स्मारक म्हटले नाही, पण नातवंडे तिच्याखाली झोपत होती.

साथीने हा सारा हातांचा व्यवहार एका फटक्यात थांबवला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० मधील मार्गदर्शक सूचना वाटतात तितक्या कठोर नव्हत्या. मृताचा चेहरा एकदा पाहू देण्यास, स्पर्श करावा लागत नाही असे धार्मिक विधी करण्यास आणि अस्थी गोळा करण्यास त्यात मुभा होती. मनाई होती ती स्नान घालण्यास, कवटाळण्यास, चुंबन घेण्यास. प्रत्यक्षात एप्रिल-मे २०२१च्या लाटेत स्मशानभूमींवर जो ताण आला त्यात या मुभेलाही अर्थ उरला नाही. अनेक कुटुंबे स्वतः विलगीकरणात होती. अनेकांच्या वाट्याला एक दूरध्वनी आणि काही तासांनी एक क्रमांक आला. म्हणजे शेवटचा शब्द बोलता आला नाही एवढेच नव्हे, तर शेवटचे कामही करता आले नाही. मानसोपचाराच्या दृष्टीने या दुसऱ्या अभावाचा विचार फार कमी झाला आहे.

येथे आणखी एक मुद्दा नोंदवायला हवा. विधींनी हातांना काम दिले हे खरे, पण ते कोणाच्या हातांना? बहुसंख्य कुटुंबांत अग्नी देणारा, पिंड ठेवणारा, मुंडन करणारा पुरुष असतो. स्त्रीच्या वाट्याला येते ते घरात बसणे आणि पतीच्या बाबतीत तर बांगड्या फुटणे, कुंकू पुसले जाणे. म्हणजे तिने काही करणे नव्हे, तर तिच्यावर काही केले जाणे. साथीच्या काळात अनेक मुलींनी आणि पत्नींनी अग्नी दिला, ही त्या भीषण दिवसांतील एक उल्लेखनीय घटना आहे. परंतु तो अपवाद परिस्थितीने घडवला होता. शोकाच्या सर्जनशील, निःशब्द अभिव्यक्तीचा इतिहास पाहताना त्यात स्त्रियाच अग्रभागी का दिसतात, याचे उत्तर कदाचित येथे आहे. ज्यांना विधीत जागा नव्हती त्यांनी सुई-दोऱ्यात जागा करून घेतली.

चिलीतील गोणपाट

याचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिलीचे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशे यांनी लष्करी उठाव करून अध्यक्ष साल्वादोर अयेंदे यांचे सरकार उलथवले. त्यानंतर हजारो माणसे उचलली गेली आणि त्यांतील कित्येक परत आली नाहीत. तुरुंगात आहेत असेही कोणी सांगेना, मेली असेही कोणी म्हणेना. ज्याचा देह नाही, दाखला नाही, त्याचा शोक करायचा कसा? वृत्तपत्रे बंद वा नियंत्रित, सभा बेकायदा आणि तोंडातून निघालेला शब्द धोक्याचा.

अशा वेळी सांतियागो शहरात चर्चच्या आश्रयाने बेपत्ता व्यक्तींच्या माता, पत्नी, भगिनी एकत्र येऊ लागल्या. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' या संस्थेने हे काम पुढे चालवले. पिठाच्या गोण्यांचे तागी कापड पायाला घ्यायचे आणि त्यावर चिंध्यांच्या आकृती शिवायच्या. स्पॅनिशमध्ये या कापडाला 'अर्पिलेरा' म्हणतात आणि तेच नाव त्या चित्रांना पडले. काही चिंध्या बेपत्ता मुलाच्या शर्टाच्या वा नवऱ्याच्या विजारीच्या असत. चित्रात मागे अँडीज पर्वताची रांग, वर सूर्य आणि पुढे घराचे दार, रिकामा पाट, पोलिसांची गाडी. दिसायला लहान मुलांच्या पुस्तकातील चित्रासारखी ही कापडे चर्चच्या मार्फत देशाबाहेर जात, विकली जात, आणि त्यातून या बायकांची चूलही पेटे. हुकूमशाहीच्या तपासनिसांना आरंभी त्यात बायकी भरतकामापलीकडे काही दिसले नाही. निःशब्द असण्याचा हा राजकीय लाभ होता.

याच स्त्रियांनी आणखी एक मार्ग शोधला. 'क्वेका' हे चिलीचे जोडीने करायचे लोकनृत्य. हातात रुमाल घेऊन स्त्री-पुरुष एकमेकांभोवती फेर धरतात. ८ मार्च १९७८ रोजी, महिलादिनाच्या कार्यक्रमात, बेपत्तांच्या नातेवाईक स्त्रियांनी हे नृत्य रंगमंचावर एकटीने केले. समोरची जागा रिकामी ठेवून. त्यांना एक वाक्यही उच्चारावे लागले नाही. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी पिनोशे राजवटीने क्वेकाला राष्ट्रीय नृत्याचा दर्जा दिला. पण एकटीचा नाच पाहिलेल्या प्रेक्षकाला ते नृत्य पुन्हा पूर्वीसारखे पाहता येणे शक्य नव्हते. हुकूमशाही १९९० मध्ये संपली. बेपत्तांपैकी अकराशेहून अधिक जणांचा शोध २०२३ पर्यंतही लागला नव्हता आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिली सरकारला त्यांच्यासाठी राष्ट्रीय शोध योजना जाहीर करावी लागली. ५० वर्षे हा प्रश्न जिवंत ठेवण्यात न्यायालयीन अर्जांइतकाच त्या गोणपाटांचाही वाटा आहे.

तीन बाय सहा फूट

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. १९८०च्या दशकात एड्सने तेथे माणसे मरू लागली, तेव्हा त्या मृत्यूंना लज्जेचा शाप होता. अनेक अंत्यसंस्कार संस्था देह स्वीकारत नसत, अनेक कुटुंबे मृत्यूचे कारण लपवत, आणि मृताच्या जोडीदाराला अंत्यविधीत स्थान नसे. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या रोगावर पहिले सविस्तर भाषण केले ते ३१ मे १९८७ रोजी. तोवर वीस हजारांहून अधिक अमेरिकी नागरिक मरण पावले होते.

सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून त्याच वर्षी 'एड्स स्मृती गोधडी'चे काम उभे राहिले. प्रत्येक मृतासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब कापडाचा एक तुकडा. हे माप सहज निवडलेले नव्हते. ते साधारणपणे एका कबरीचे माप आहे. त्यावर मृताचे नाव आणि जोडीला जे सुचेल ते. कुणी जीन्सची विजार शिवली, कुणी नेकटाय, कुणी मऊ खेळण्यातले अस्वल. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलच्या हिरवळीवर ही गोधडी प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज त्यांची संख्या सुमारे ५० हजार आहे, त्यावर एक लाख दहा हजार नावे आहेत आणि वजन सुमारे ५४ टन आहे. ती संपूर्ण अंथरता येईल एवढी मोकळी जागा मिळणेच आता कठीण. १९९६ मध्ये ती अखेरची पूर्ण स्वरूपात मॉलवर अंथरली गेली होती.

गोधडी हे माध्यम का निवडले गेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. गोधडी म्हणजे आजी, ऊब, घर. ज्यांना घरांनी नाकारले होते त्यांना या कापडाने घरात परत आणले. एड्सग्रस्ताविषयी एक शब्द ऐकून न घेणारा माणूसही शिवणीतील वेडेवाकडे टाके पाहून थबकत असे. ते टाके सराईत शिंप्याचे नसून, आयुष्यात प्रथमच सुई हाती धरलेल्या बापाचे वा मित्राचे आहेत, हे पाहताक्षणी कळत होते. या गोधडीने संशोधनासाठी निधी उभा केला, मतपरिवर्तन घडवले, परंतु त्याआधी तिने एक साधी गोष्ट केली. मृत्यूंची मोजदाद डोळ्यांना दिसेल अशी केली.

अठरा वर्षांचे एक शिल्प

सामूहिक कृतीत बळ असते, हे खरे. पण एकट्याच्या शोकाचे काय? जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केटे कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तिसऱ्या महिन्यात, बेल्जियममधील आघाडीवर मारला गेला. तो जेमतेम १८ वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी त्याच्या स्मारकाचा संकल्प केला. आरंभीच्या आराखड्यात मुलाचा देह होता, त्याच्या उशाशी बाप आणि पायाशी आई. तो आराखडा त्यांनी पुढे सोडून दिला. पुन्हा हाती घेतला. अखेर १९३२ मध्ये, म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, बेल्जियममधील दफनभूमीत दोन पाषाणमूर्ती उभ्या राहिल्या. गुडघे टेकलेला बाप आणि गुडघे टेकलेली आई. मुलगा त्यात नाही.

मुलाला शिल्पातून वगळण्यासाठी आईला जी १८ वर्षे लागली, ती वाया गेली असे कोण म्हणेल? आजच्या भाषेत ज्याला 'सावरणे' म्हणतात ते येथे घडले की नाही, हे ठरवणे अवघड आहे. कारण शिल्प पूर्ण झाले म्हणून शोक पूर्ण झाला नाही. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्यांचा नातूही मारला गेला. त्याचे नावही पेटर होते. कला शोक संपवते, असा दावा करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. कला शोकाला आकार देते. त्याची मुदत ठरवत नाही.

शास्त्र काय सांगते, काय सांगत नाही

मानसशास्त्राने या विषयाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. मृतापासून मन सोडवून घेणे म्हणजे शोकाची पूर्तता, असा फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधाचा अर्थ लावला गेला आणि तो बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला छेद देणारा विचार मांडला. मृताशी असलेले नाते तोडायचे नसते, ते नव्या रूपात चालू राहते, असे त्यांचे प्रतिपादन. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी दाखवले की, शोकाकुल माणूस दोन टोकांमध्ये झोके घेत असतो. कधी तो हानीकडे तोंड करतो, कधी रोजच्या जगण्याकडे. आणि हे झोके निरोगी असतात. हाताने करायच्या कामाचे महत्त्व येथे कळते. स्वेटर विणणारी, बागेत माती उकरणारी, जुन्या शर्टाची उशी शिवणारी व्यक्ती एकाच वेळी मृताजवळ असते आणि वर्तमानातही असते. विचार असह्य झाला की टाक्यांकडे पाहता येते.

बोलता न येण्यालाही काही शारीरिक आधार असावा. तीव्र मानसिक आघात अनुभवलेल्या रुग्णांच्या मेंदूचे १९९६ मध्ये चित्रण करण्यात आले, तेव्हा आघाताच्या आठवणीच्या वेळी वाचेशी संबंधित भागाची हालचाल मंदावल्याचे आढळले. मात्र तो अभ्यास अवघ्या आठ जणांचा होता आणि आघात व शोक या एकच गोष्टी नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आणि कलेचा उपयोग होतो, असा सर्वसाधारण निष्कर्ष काढला. परंतु विशेषतः शोकाबाबतचे पुरावे अद्याप तोकडे आहेत. अभ्यास लहान आहेत, तुलनेसाठी दुसरा गट अनेकदा नसतो. अर्थ लावण्यास आणि नाते टिकवण्यास कलेची मदत होते, असे दिसते. नैराश्य वा चिंतेची लक्षणे तिने निश्चित घटतात, असे ठामपणे म्हणता येत नाही.

ही मर्यादा सांगणे आवश्यक आहे, कारण काही शोक हा आजाराच्या पातळीला जातो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत 'प्रदीर्घ शोकविकार' हे स्वतंत्र निदान आहे. सहा महिन्यांनंतरही शोकाची तीव्रता तसूभर कमी होत नसेल आणि दैनंदिन जीवन ठप्प झाले असेल, तर ते लागू होऊ शकते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने प्रौढांसाठी हाच काळ बारा महिन्यांचा धरला आहे. २०१७ च्या एका आढाव्यानुसार नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहापैकी एका शोकग्रस्तात हा विकार आढळतो. अशा व्यक्तीच्या हाती रंगपेटी देऊन भागणार नाही. तिला तज्ज्ञाची गरज असते. केंद्र सरकारची १४४१६ ही 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, ती यासाठीच.

मुलांची बाब त्याहून नाजूक. त्यांच्याजवळ शब्दसंग्रहच अपुरा असतो. नाझींच्या तेरेझीन छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना गुपचूप चित्रकला शिकवली. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला नेऊन ठार करण्यात आले. त्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून मागे ठेवली. ती आज प्राग येथील यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांच्या विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या प्रवर्तक ठरल्या. कलोपचार या शाखेचे एक मूळ असे डिकर-ब्रांडाइस यांच्या शिकवणीत आहे.

दोन धोके

आता दुसरी बाजू. शोकाच्या सर्जनशील अभिव्यक्तीपुढे आज दोन धोके उभे आहेत. पहिला बाजाराचा. महानगरांत 'हीलिंग'च्या नावाखाली रंगकाम, कुंभारकाम, नृत्य यांच्या कार्यशाळांचे पेव फुटले आहे. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आपल्याकडे शनिवार-रविवारचे शिबिर केलेली व्यक्तीही ती सहज लावते. चित्र काढायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण दुसऱ्याचे दुःख उकरून काढण्याचे शुल्क घेणाऱ्याला त्याचे प्रशिक्षण विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

दुसरा धोका सत्तेचा. स्मारक उभारले की उत्तरदायित्व संपले, असे मानण्याचा मोह प्रत्येक शासनाला होतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये दोन प्रकारची स्मरणे उभी राहिली. सुमरासर येथील 'कला रक्षा' संस्थेच्या कारागीर स्त्रियांनी कापडाचे तुकडे जोडून भूकंपाची चित्रे शिवली. कोसळणारी घरे, पळणारी माणसे, मदतीचे तंबू. दुसरीकडे भूजच्या भुजियो डोंगरावर ४७० एकरांत भव्य 'स्मृतिवन' साकारले, तेथे १२ हजार ९३२ मृतांची नावे कोरली गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. दोहोंचे मोल आहे. मात्र पहिले स्मरण शोकग्रस्तांनी स्वतः केले आणि आपत्तीच्या पाठोपाठ केले. दुसरे त्यांच्यासाठी केले गेले आणि त्याला दोन दशके लागली. शोकाच्या कामात हा फरक लहान नाही. कारण येथे वस्तूपेक्षा ती घडवण्याची क्रिया महत्त्वाची असते.

लंडनच्या भिंतीने हा दुसरा धोका ओळखला होता. ती संसदेसमोर काढली गेली ती योगायोगाने नव्हे. तेथील शोकग्रस्त कुटुंबांच्या संघटनेने एकीकडे हृदये रंगवली आणि दुसरीकडे साथीच्या हाताळणीच्या सार्वजनिक चौकशीची मागणी लावून धरली. ती चौकशी सुरू झाली. चिलीतील गोणपाटांमागेही न्यायाची मागणी होती, अमेरिकेतील गोधडीमागेही औषधांची. निःशब्द असणे म्हणजे निमूट असणे नव्हे, हा या तिन्ही उदाहरणांचा समान धडा आहे.

आपल्या शहरांचे काय?

मराठी शहरी समाजाच्या हाती शोकाची आज कोणती साधने आहेत? शोकसभा, 'दुःखद निधन'ची जाहिरात, चौकातील भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक आणि भ्रमणध्वनीवरील हात जोडलेले चिन्ह. पहिली तिन्ही शब्दांची आहेत आणि त्यांतील शब्द वापरून गुळगुळीत झाले आहेत. विधींचा काळही आक्रसला आहे. अनेक कुटुंबांत तेरा दिवसांचे तीन दिवस झाले, कारण कचेरीची रजा तेवढीच. जुने विधी जसेच्या तसे परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील अन्यायही त्यांच्याबरोबर परत येईल. पण ते गेल्यावर रिकाम्या झालेल्या हातांचे काय, याचा विचार व्हायला हवा.

ग्रामीण महाराष्ट्र येथे शहरांच्या पुढे गेला आहे. अनेक गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतातील खड्ड्यात ठेवून त्यावर झाड लावले जाते. नदी स्वच्छ राहते हा एक लाभ. पण त्या झाडाला पाणी घालण्याचे काम सुनेला, लेकीला, नातवाला वर्षानुवर्षे मिळते, हा दुसरा आणि कदाचित मोठा लाभ. त्यासाठी शास्त्र, मंत्र आणि पुरुष असण्याची अट नाही. दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला झाड लावायला जमीन नाही, हे खरे. परंतु महापालिकेच्या उद्यानांना ती आहे. रुग्णालयांना भिंती आहेत. शाळांना चित्रकलेचा तास आहे, आणि वर्गात कोणाचे वडील गेले आहेत हे चित्रकलेच्या शिक्षकाला ठाऊक असते. त्या मुलाला काय काढू द्यावे आणि काय विचारू नये, एवढे त्या शिक्षकाला शिकवणे अशक्य नाही. यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती शोकाला वेळ आणि जागा देण्याची तयारी.

लंडनच्या भिंतीवरील मूळ रंग टिकाऊ नव्हता. उन्हा-पावसात लाल हृदये गुलाबी होऊ लागली, नावे पुसट झाली. तेव्हापासून स्वयंसेवकांचा एक गट दर शुक्रवारी तेथे जमतो आणि पक्क्या रंगाने एकेक हृदय पुन्हा भरतो. त्यांतील बहुतेक जण स्वतः कुणाला तरी गमावलेले आहेत. पहिल्याच दिवशी न विटणारा रंग वापरला असता तर हे काम उरलेच नसते, आणि मग दर शुक्रवारी या माणसांनी कोठे जायचे असते, हा प्रश्न आपल्या महापालिकांनी स्मारकांच्या निविदा काढण्यापूर्वी स्वतःला विचारावा.